दोन ओळींची अदलाबदल आणि सूर्यापासून लांब जाणारी पृथ्वी

आमच्याकडे जळगाव, भुसावळ, धुळे, कुठंही पहिल्या वर्षाच्या पोरांना विचारा की प्रोग्रामिंगमधे काय केलं, तर फॅक्टोरियल, पॅलिंड्रोम नाहीतर स्टारचे त्रिकोण हेच सांगतील, कारण जर्नलमधे तेच असतं आणि परीक्षेलाही तेच येतं. पोरं हुशार आहेत हो, पण त्या त्रिकोणातून कॉम्प्युटर नेमका कशासाठी असतो हे त्यांना कळणार कसं? माझं तर स्पष्ट मत आहे की पहिल्याच सेमिस्टरला त्यांच्या हातात सूर्यमाला द्यावी.

अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात हे वर्षानुवर्षं चालू आहे. रॉबर्ट सेजविक हे अल्गोरिदमवरच्या, म्हणजे गणित पायरीपायरीने सोडवायच्या रीतींवरच्या पुस्तकांमुळे जगभर माहीत असलेले प्राध्यापक. त्यांनी आणि केविन वेन यांनी नवशिक्यांसाठी जो कोर्स उभा केला त्यात एक असाईनमेंट एन-बॉडी सिम्युलेशनचं आहे, म्हणजे एकमेकांना ओढणाऱ्या बऱ्याच गोलांची हालचाल कॉम्प्युटरवर उभी करायची. एका साध्या फाईलमधे सूर्य, बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ असे पाच जण, प्रत्येकाची जागा, वेग आणि वस्तुमान दिलेलं. न्यूटनच्या नियमाने कोण कोणाला किती ओढतंय ते काढायचं, त्यावरून वेग बदलायचा, वेगावरून जागा बदलायची, चित्र काढायचं आणि परत पहिल्यापासून. एक पाऊल २५,००० सेकंदांचं, म्हणजे जवळपास सात तासांचं. एवढाच प्रोग्राम, पण स्क्रीनवर ग्रह फिरायला लागले की पोरं खुर्चीतून उठतात.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. ओढ काढून झाली की दोन ओळी उरतात, एक वेग बदलणारी आणि एक जागा बदलणारी. बरीच पोरं जागा आधी बदलतात, मग वेग. प्रोग्राम चालतो, एरर येत नाही, ग्रह फिरतातही, पण पृथ्वी हळूहळू बाहेर सरकायला लागते. गणित मांडून बघा, २५,००० सेकंदांच्या पावलाला पहिल्याच वर्षात तिचं सूर्यापासूनचं अंतर साधारण ६ टक्क्यांनी वाढतं. कारण असं की प्रत्येक पावलाला पृथ्वी जुन्या वेगाने सरळ रेषेत पुढे जाते, वळण चुकवून थोडी बाहेर पडते, आणि दर पावलाला कुठून तरी फुकटची ऊर्जा मिळत राहते. आता त्याच दोन ओळी खालीवर करा, आधी नवा वेग आणि मग त्या नव्या वेगाने जागा. पृथ्वी पाच वर्षं काय, पन्नास वर्षं फिरवा, आपल्या कक्षेच्या आसपासच राहते. एकही गणिती चिन्ह बदललेलं नाही, फक्त क्रम बदलला! "सर, प्रोग्राम बरोबर आहे पण पृथ्वी चालली ना भो" असं म्हणणारं पोरगं त्या दिवशी जे शिकतं ते मला फळ्यावर आठवडाभर लिहून शिकवता येणार नाही.

सूर्य धरून पाच जण सोपे. पण आकाशगंगेचं काय? १ लाख तारे घेतले तर जोड्या होतात जवळपास ५०० कोटी, आणि त्या दर पावलाला मोजायच्या. तारे दुप्पट केले की जोड्या चौपट होतात, म्हणून मशीन दुप्पट वेगाचं आणलं तरी तेवढ्याच वेळात तारे दीडपटही घेता येत नाहीत. १९४१ साली, हाताशी कॉम्प्युटर नव्हता तेव्हा, स्वीडनचे खगोलशास्त्रज्ञ एरिक होल्मबर्ग यांनी यावर फार सुंदर तोड काढली होती. प्रकाशही गुरुत्वाकर्षणासारखाच अंतराच्या वर्गाने कमी होतो ना, मग त्यांनी ताऱ्यांच्या जागी दिवे मांडले, एका दीर्घिकेला (म्हणजे एका आकाशगंगेला) ३७ आणि दोन मिळून ७४, आणि प्रत्येक जागी फोटोसेलने प्रकाश मोजला, तीच ओढ धरली. सगळ्या दिव्यांची बेरीज निसर्गानेच करून दिली.

कॉम्प्युटरवरचा उपाय १९८१ मधे प्रिन्स्टनच्याच अँड्र्यू अॅपेल नावाच्या विद्यार्थ्याने पदवीच्या प्रबंधात मांडला, आणि १९८६ मधे जोश बार्न्स आणि पीट हट यांनी त्याच वाटेवरची आणखी सुटसुटीत पद्धत दिली. रात्री सातपुड्यावरून तापीच्या पट्ट्याकडे बघा, लांबच्या गावातले दिवे वेगवेगळे दिसतच नाहीत, एकच उजेड दिसतो. तसंच, लांबच्या ताऱ्यांचा झुबका एकच जड तारा धरायचा. त्यासाठी आकाशाचे चौकोन पाडायचे, चौकोनाचे चार, त्यांचे परत चार, असं झाडासारखं, आणि चौकोनाची रुंदी त्याच्या अंतराच्या साधारण अर्ध्यापेक्षा कमी असली की आत डोकवायचंच नाही. थोडी चूक येते, पण ती किती चालेल ते आपल्या हातात असतं. एका ताऱ्यामागे १ लाखाऐवजी काही शे हिशोब पुरतात.

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जाऊन या. तिथला शिलालेख शके ११२८ चा, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. त्या आजोबांनी ‘बीजगणित’ या ग्रंथात एक उदाहरण सोडवलंय: ६१ ला कुठल्या वर्गाने गुणून १ मिळवला की परत पूर्ण वर्ग येईल? सगळ्यात लहान उत्तर २२,६१,५३,९८० चा वर्ग. एकेक आकडा लावून बघत बसलात तर बावीस कोटींच्या वर प्रयत्न, आणि चक्रवाल या फेरीफेरीने उत्तराजवळ नेणाऱ्या जुन्या पद्धतीने मोजक्या पायऱ्यांत हातावर सुटतं. म्हणजे अल्गोरिदम शिकवायची शाळा खान्देशात आठशे वर्षांपूर्वी होती, दगडावर लिहून ठेवलंय.

लॅब नाही, लॅपटॉप नाही म्हणून अडू नका. मोबाईलवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा चालते, सूर्य आणि चार ग्रहांना ती भरपूर झाली. मग पोरांना पन्नास करायला सांगा, मग शंभर, मग हजार. हजारला मोबाईल गरम होऊन रडायला लागेल आणि कोणीतरी स्वतःहूनच विचारेल की सर, सगळ्याच जोड्या मोजायच्या का. चौकोनांच्या झाडाचा तास तेव्हा घ्या, त्याच्या आधी नको.