पार्श्वभूमी: डोळ्यांच्या रंगाचा धडा आणि ‘प्रयोग’ या शब्दाचा घोळ

भेदभाव काय असतो हे शिकवण्यासाठी मुलांना तो थोडा वेळ सोसायला लावावा का, हा वाद अमेरिकेत दर काही वर्षांनी नव्यानं पेटतो. कुठल्यातरी शाळेत काहीतरी घडतं, पालक चिडतात, शिक्षकाची चौकशी लागते आणि दोन दिवसांत चर्चा १९६८ सालच्या आयोवा राज्यातल्या तिसरीच्या वर्गापाशी येऊन थांबते. तिथल्या शिक्षिकेनं डोळ्यांच्या रंगावरून मुलांचे दोन गट पाडून एकाला श्रेष्ठ आणि दुसऱ्याला कमी ठरवलं होतं. त्या वर्गाची गोष्ट तिथे बहुतेकांना ठाऊक असते. पण तिचे काही तपशील सांगता सांगता गळून गेले आहेत, आणि आजच्या वादातली निम्मी गुंतागुंत त्या गळलेल्या तपशिलांत आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात. १९४० च्या दशकात कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून त्यांची निवड विचारली गेली आणि बहुतेकांनी गोरी बाहुली ‘चांगली’ ठरवली. १९५४ मध्ये शाळांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना वेगळं ठेवणं घटनाबाह्य ठरवताना सर्वोच्च न्यायालयानं या अभ्यासाचा आधार तळटीपेत घेतला. म्हणजे भेदभाव ज्याच्यावर होतो त्या मुलाच्या मनाचं काय होतं, याची नोंद झाली होती. वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या गोऱ्या मुलाला काय शिकवायचं, या प्रश्नावर मात्र शाळांकडे फेब्रुवारीतला बंधुभाव सप्ताह, त्यातली गाणी आणि भिंतीवरचे तक्ते यापलीकडे फारसं काही नव्हतं.

४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी मेम्फिसमध्ये नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. आयोवातल्या राइसव्हिल या हजाराच्या आत वस्तीच्या, सगळ्या गोऱ्यांच्या गावात जेन एलियट या तिसरीच्या शिक्षिकेनं ती बातमी टीव्हीवर पाहिली. त्याच फेब्रुवारीत तिच्या वर्गानं या नेत्याला महिन्याचा मानकरी म्हणून निवडलं होतं. पुढे तिनं सांगितलं आहे की बातमी आली तेव्हा ती मूळनिवासींच्या धड्यासाठी शिवलेल्या तंबूच्या कापडाला इस्त्री करत होती. त्या धड्यात एक प्रार्थनाही शिकवायची होती, की दुसऱ्याच्या पादत्राणांतून चालल्याशिवाय त्याला जोखण्याची बुद्धी मला होऊ नये. त्या रात्री ती प्रार्थना नुसती पाठ करून घेण्यात तिला अर्थ वाटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वर्गाचे डोळ्यांच्या रंगावरून दोन भाग पाडले.

यातला रात्र ते सकाळ हा वेळ महत्त्वाचा आहे. बातमी संध्याकाळी आली आणि सकाळी धडा सुरू झाला. पालकांना कळवायला, त्यांचं म्हणणं ऐकायला मध्ये जागाच नव्हती. दुसरं असं की ५ एप्रिल हा शुक्रवार होता. धडा दोन दिवसांचा, दुसऱ्या दिवशी वरचे खाली आणि खालचे वर, असं आपण सहज सांगतो. पण शुक्रवारी जी मुलं खाली ढकलली गेली त्यांच्यासाठी वर यायला सोमवार उजाडावा लागला. मधला शनिवार-रविवार ती मुलं घरी होती. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी हे दोन दिवस लहान नव्हेत, आणि ‘फक्त एकेक दिवस’ असं म्हणून या धड्याची बाजू घेणाऱ्यांच्या बोलण्यात ते दोन दिवस कधी येत नाहीत.

मुलांनी लिहिलेले छोटे निबंध स्थानिक वर्तमानपत्रात छापून आले, वृत्तसंस्थेनं ते उचलले आणि काही आठवड्यांत ही शिक्षिका देशभर दिसणाऱ्या रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमात बसलेली होती. त्यानंतर पत्रांचा पाऊस पडला. सर्वांत जास्त उद्धृत झालेल्या पत्राचा आशय असा, की कृष्णवर्णीय मुलं अशा वागणुकीला सरावलेलीच असतात, पण गोऱ्या मुलांवर हे करणं क्रूरपणाचं आहे, त्यांच्या मनावर कायमचा परिणाम होईल. ‘धडा अती झाला’ या तक्रारीचं हे पहिलं रूप. एका मुलाचं दोन दिवसांचं दुःख असह्य आणि दुसऱ्याचं जन्मभराचं दुःख सवयीचं. हे पत्र आज वाचलं तरी अंगावर काटा येतो. मात्र या एका पत्रामुळे एक नुकसानही झालं. धड्याबद्दल शंका घेणारा प्रत्येक जण त्या पत्रलेखकाच्या रांगेत उभा केला जाऊ लागला, आणि मुलांच्या संमतीचा सरळ प्रश्न कित्येक वर्षं मागे पडला.

१९७० च्या फेब्रुवारीत हाच धडा पुढच्या एका वर्गावर होत असताना चित्रित झाला. आज आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते या चित्रीकरणातलं आहे. सोळा मुलं. खालच्या गटाच्या गळ्यात कापडी पट्टे, म्हणजे लांबूनही ओळखू यावेत. त्यांनी नळाला तोंड लावायचं नाही, कागदी पेल्यानं पाणी प्यायचं. वरच्या गटाला मधल्या सुट्टीत पाच मिनिटं जास्त. सुट्टी संपेपर्यंत ‘तपकिरी डोळे’ ही शिवी झालेली असते आणि ती ऐकून एक मुलगा दुसऱ्याच्या पोटात गुद्दा मारतो. सकाळी डोळ्यांचा रंग कुणाच्या ध्यानातही नव्हता.

त्याच चित्रीकरणात शब्द वाचण्याच्या पत्त्यांचा खेळ आहे. पट्टे घातलेल्या तपकिरी डोळ्यांच्या गटाला पहिल्या दिवशी साडेपाच मिनिटं लागली, दुसऱ्या दिवशी पट्टे उतरल्यावर अडीच. हा फरक सरावानंही पडला असेल, असं म्हणता येईल. पण निळ्या डोळ्यांच्या गटाला पहिल्या दिवशी तीन मिनिटं लागली होती आणि पट्टे गळ्यात आल्यावर ४ मिनिटं १८ सेकंद. सरावानं वेग कमी होत नाही. सोळा मुलांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, तरी गळ्यातल्या पट्ट्याचा विचार चालू असताना डोकं दुसरीकडे लागत नाही, हे शिक्षिकेला मुलांनीच सांगितलं आणि ते ऐकताना शंका उरत नाही.

इथे थांबून ‘प्रयोग’ या शब्दाकडे पाहायला हवं, कारण या धड्याबद्दलची बहुतेक भांडणं या एका शब्दावर घसरतात. लेखांत, पाठ्यपुस्तकांत, व्याख्यानांत याला सर्रास प्रयोग म्हटलं जातं. शिक्षिकेनं स्वतः मात्र हा सराव आहे, प्रयोग नव्हे, असं वारंवार सांगितलं. मराठीत घोळ आणखी वाढतो. प्रयोगशाळेत होतो तो प्रयोग, रंगमंचावर नाटकाचा होतो तोही प्रयोग आणि शिक्षकानं वर्गात काही नवं करून पाहिलं की तोही प्रयोगच. या तिन्ही अर्थांत प्रयोग करणाऱ्यावर वेगवेगळी जबाबदारी येते, आणि हा धडा तिन्हींत अर्धवट बसतो.

शास्त्रीय प्रयोग म्हणावा तर तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आधी ठरवलेलं मोजमाप नव्हतं, मध्येच उठून जाण्याची मुभा नव्हती. नाटकाचा प्रयोग म्हणावा तर नटाला आणि प्रेक्षकाला दोघांनाही हे खोटं असल्याचं माहीत असतं. इथे मुलं रंगमंचावर होती आणि त्यांना तो रंगमंच असल्याचं सांगितलेलं नव्हतं. अध्यापनातला प्रयोग म्हणावा तर शिक्षकानं मुलांना जाणूनबुजून खोटं सांगू नये, एवढी किमान अपेक्षा असते. १९६८ च्या त्या सकाळी फळ्यावर ‘मेलॅनिन’ हा शब्द लिहून, डोळ्यांना आणि त्वचेला रंग देणारं हेच द्रव्य माणसाला हुशार बनवतं, असं विज्ञान म्हणून सांगितलं गेलं. मुलांनी विश्वास ठेवला, कारण बाईंनी सांगितलं होतं. या धड्याचा सगळा जोर त्या विश्वासावर उभा होता, आणि माझ्या मते त्याची सर्वांत अवघड बाजूही तीच आहे.

शब्दाचा आणखी एक परिणाम झाला. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा धडा १९६१ मध्ये येल विद्यापीठात सुरू झालेल्या, हुकूम मिळाला की माणूस दुसऱ्याला विजेचे धक्के देतो का हे पाहणाऱ्या प्रयोगाशेजारी आणि १९७१ च्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या, तरुणांना कैदी आणि पहारेकरी बनवणाऱ्या तुरुंग-प्रयोगाशेजारी जाऊन बसला. पण त्या दोन्ही ठिकाणी जाहिरात वाचून, मोबदला ठरवून आलेली प्रौढ माणसं होती. तुरुंग-प्रयोगात दिवसाला १५ डॉलर मिळत होते. तिसरीतलं मूल जाहिरात वाचून वर्गात येत नाही. त्याला शाळेत यावंच लागतं. अशा प्रयोगांवर टीका झाली, आणि मुख्यतः टस्कीगीतल्या अभ्यासात सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवल्याचं १९७२ मध्ये उघड झाल्यावर देशभर गदारोळ झाला, १९७४ मध्ये कायदा आला, १९७९ मध्ये संशोधनातल्या माणसांच्या हक्कांची तत्त्वं मांडणारा अहवाल आला. त्यानंतरच्या नियमांनी नेहमीच्या अध्यापनपद्धतींवरच्या संशोधनाला सवलत दिली, आणि जो शिक्षक संशोधन करतच नाही, नुसता धडा घेतो, त्याच्यापर्यंत हे नियम पोहोचतच नाहीत. त्यामुळे प्रौढ स्वयंसेवकाला संरक्षण मिळालं आणि हाच अनुभव ‘धडा’ म्हणून घेणाऱ्या मुलाला ते मिळालं नाही. म्हणूनच प्रयोग की धडा, हा वाद शब्दांचा कीस काढण्यापुरता नाही.

१९७३ मध्ये तिसरीच्याच मुलांना नारिंगी आणि हिरवे असे गट पाडून दिलेल्या अशाच अनुभवाचा रीतसर अभ्यास झाला. तुलनेच्या वर्गापेक्षा या मुलांनी कृष्णवर्णीय मुलांबरोबर सहलीला जाण्याची तयारी जास्त दाखवली, आणि दोन आठवड्यांनंतरही त्यांच्यात पूर्वग्रह कमी दिसला. धड्याच्या बाजूनं हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. १९९० च्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थी होते. बहुतेकांना अनुभव अर्थपूर्ण वाटला, पूर्वग्रह कमी झाल्याचा पुरावा मध्यम निघाला, आणि जवळजवळ सगळ्यांनी, धडा घेणाऱ्यानंही, ताण आल्याचं सांगितलं. २००३ च्या अभ्यासात गोऱ्या विद्यार्थ्यांचा आशियाई आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) लोकांबद्दलचा दृष्टिकोन बराच सुधारला, कृष्णवर्णीयांबद्दलचा मात्र जेमतेम. शिवाय मनात पूर्वग्रह उमटला की त्यांना स्वतःचा राग येऊ लागला. हा राग माणसाला बदलतो की विषयापासून दूर पळायला लावतो, यावर पुढची सगळी चर्चा अडली आहे.

१९८४ मध्ये चित्रीकरणातल्या त्या सोळांपैकी अकरा जण, आता मोठे झालेले, पुन्हा त्याच गावात एकत्र आले. धड्यानं आपल्याला घडवलं, असं ते मनापासून सांगतात. त्यांचं बोलणं खोटं मानण्याचं कारण नाही. न आलेल्या पाचांचं काय, हेही विचारायला हवं. पुढे, विशेषतः २०२१ मध्ये आलेल्या एका टीकात्मक पुस्तकातून, गावातल्या लोकांच्या कडवट आठवणी बाहेर आल्या. त्या अकरांच्या कृतज्ञतेनं या आठवणी पुसल्या जात नाहीत, आणि या आठवणींनी ती कृतज्ञताही पुसली जात नाही.

त्याच सुमारास शिक्षिकेनं शाळा सोडली आणि धडा प्रौढांकडे गेला: तुरुंगातले कर्मचारी, कंपन्या, विद्यापीठं. तो भाग मी इथे सोडून देतो, कारण प्रौढाला तक्रार करता येते, वकील गाठता येतो.

शाळेत मात्र या धड्याच्या नकला वेगळ्याच दिशेनं गेल्या. मूळ धड्यात डोळ्यांचा रंग निवडला होता तो मुद्दाम. ज्या गोष्टीवरून त्या मुलांच्या रोजच्या जगात कुणालाही डावललं जात नव्हतं, अशी ती खूण होती, आणि वर्गात कुणीही कृष्णवर्णीय मूल नव्हतं. नंतरच्या शिक्षकांनी हे दोन्ही विसरून मिश्र वर्गांत खऱ्याच इतिहासाची नाटकं लावली. मार्च २०१९ मध्ये न्यूयॉर्क शहराजवळच्या एका खासगी शाळेत पाचवीच्या वर्गात कृष्णवर्णीय मुलांना गुलाम म्हणून उभं केलं गेलं, हातपायांत बेड्या असल्याचं भासवलं गेलं आणि गोऱ्या वर्गमित्रांनी त्यांच्यावर बोली लावली. राज्य सरकारनं चौकशी केली, मुलांवर गंभीर परिणाम झाल्याचं नोंदवलं, शिक्षिकेला काढण्यात आलं.

या घटनेला ‘धडा जरा कडक झाला’ म्हणणं मला मान्य नाही. राइसव्हिलमध्ये ज्यांना कधीच कमी लेखलं गेलं नव्हतं त्यांना थोडा काळ तो अनुभव दिला गेला. इथे ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तो भोगला गेला त्यालाच पुन्हा उभं करून बाकीच्यांना शिकवलं गेलं. दोन्हींना एकाच नावानं ओळखलं जातं, एवढंच त्यांच्यात साम्य आहे. होलोकॉस्टचं, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचं शिक्षण देणाऱ्या एका मोठ्या संग्रहालयाच्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच अशी सोंगं टाळायला सांगतात. आपल्याला आता ते दुःख कळलं, अशी खोटी खात्री मुलांना वाटू लागते. त्याऐवजी साक्षी, पत्रं, कागदपत्रं वाचून घ्यावीत, असा त्यांचा आग्रह आहे.

जून २०२१ मध्ये वाद कायद्यात शिरला, आणि तोही आयोवातच. वंश किंवा लिंग यांमुळे एखाद्यानं अस्वस्थता, अपराधीपणा किंवा मानसिक त्रास वाटून घ्यायला हवा, असं शिकवायला तिथे बंदी आली. इतर काही राज्यांनीही तशीच वाक्यं घेतली. शब्द नीट वाचले तर बंदी ‘वाटून घ्यायला हवं’ या शिकवणीवर आहे, धडा ऐकताना एखाद्याला अस्वस्थ वाटण्यावर नाही. पण हा फरक वर्गात पोहोचेपर्यंत टिकत नाही. तक्रारीच्या भीतीनं शिक्षक अख्खा विषयच वगळतो, आणि मग पत्रं वाचून घेणारा शिक्षक आणि लिलाव मांडणारा शिक्षक एकाच संशयाखाली येतात. पालकांना आधी कळवावं, मुलाला बाहेर बसण्याची मुभा असावी, कुणाला त्याच्या जातकुळीवरून भूमिका देऊ नये, धडा संपल्यावर बोलायला पुरेसा वेळ ठेवावा, हे प्रश्न १९६८ च्या त्या शुक्रवारपासून पडून आहेत. त्यांतल्या एकाचंही उत्तर त्या बंदीतून मिळत नाही.