म्हणे, आकडेच सांगतात!

‘पारध्यांत गुन्हेगार जास्त, पोलिसांची दप्तरं बघा,’ असं अजूनही सर्रास ऐकू येतं. पण ती दप्तरं भरली कशी? १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातच्या जमात जन्मानेच संशयित ठरवली. नोंदणी, हजेरी सक्तीची; परवान्याविना हद्द ओलांडली की तोच गुन्हा. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती.

कायदा १९५२मध्ये रद्द झाला. तरी चोरी झाली की पहिली धाड पालांवरच! जिथे शोधाल, तिथलेच आरोपी दप्तरात चढणार.

आणि समजा, पकडलेल्या दहांत सहा पारधी निघाले, तरी एकूण पारध्यांत चोर किती, हे त्यातून कळतच नाही. समोरच्या माणसाने काय केलं, हे तर मुळीच नाही. तरीही खोली भाड्याने नाकारताना हाच उलटा हिशेब मांडला जातो.