पान्याने खोलता येणारं स्टेडियम

कतारमध्ये बाहेरून फोन लावायचा तर आधी ९७४ फिरवावं लागतं. दोह्यात समुद्राकाठी असलेल्या एका फुटबॉल स्टेडियमचं नावही 'स्टेडियम ९७४', आणि त्यात वापरलेले मालवाहू कंटेनरही मोजून ९७४. २०२२ च्या विश्वचषकासाठी ते बांधलं, तेच मुळी काम झालं की उतरवून ठेवायचं म्हणून.

फोटो पाहून वाटतं, लहान मुलाने ठोकळे रचावेत तसे कंटेनरवर कंटेनर चढवले असतील. तसं नाही. सुमारे ४४ हजार प्रेक्षकांचा भार पेलतो तो पोलादी सांगाडा. कंटेनर त्याच्या खणांत बसवलेत आणि त्यांच्या पोटात स्वच्छतागृहं, खाण्याचे स्टॉल वगैरे आहेत. बांधकामाचं काही सामानही यांतल्याच कंटेनरमधून आलं होतं.

कंटेनर ही वस्तू जवळून पाहण्यासारखी आहे. भिंती म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा पन्हाळी पत्रा. खरं बळ चार कोपऱ्यांच्या खांबांत. प्रत्येक कोपऱ्यावर ओतीव पोलादाचा ठोकळा असतो आणि त्याला लांबट भोक. जहाजावर त्या भोकात लोखंडी खुंटी घालून पाव फेरा फिरवली की वरचा कंटेनर खालच्याला जखडतो. उलट फिरवली की सुटतो. ही भोकं जगभर एकाच मापाची. मात्र खिडकी-दारासाठी पत्रा कापला की डबा लुळा पडू लागतो. मग कापलेल्या जागी पोलादी चौकट बसवावी लागते.

सांगाडा पुन्हा वापरायचा तर जोड वेल्डिंगचे ठेवून भागत नाही. ते कापावे लागतात, आणि कापलेला तुकडा पुन्हा त्याच मापाचा राहत नाही. नट-बोल्ट पान्याने निघतात. पण त्यासाठी प्रत्येक भोक कारखान्यातच अचूक पाडावं लागतं. जागेवर ठोकून जमवून घेणं नाही.

शिवाय सांगाडा हलका ठेवला की वेगळीच काळजी. प्रेक्षक तालात उड्या मारतात तेव्हा सेकंदाला साधारण दोन धक्के बसतात. स्टँडची स्वतःची कंपनंही त्याच्या आसपास असली, तर झोक्याला वेळेवर ढकलावं तशी हालचाल वाढत जाते. म्हणून स्टँड पुरेसा ताठ करून तो आकडा वर न्यावा लागतो.

स्पर्धेच्या आठ स्टेडियमपैकी वातानुकूलन नसलेलं हे एकच. कंटेनरमधल्या मोकळ्या जागांतून समुद्रावरचा वारा खेळावा, अशी रचना आहे. तरी आयोजकांचा वाऱ्यावर पुरता भरवसा नसावा, कारण इथले सातही सामने संध्याकाळी सात किंवा रात्री दहाला ठेवले होते.

पुन्हा वापरता येतं म्हणून असं स्टेडियम पर्यावरणाला बरं, असं म्हणतात. हा हिशेब मात्र मला इतका सरळ वाटत नाही. झोतभट्टीच्या मार्गाने, म्हणजे खनिजापासून, एक टन पोलाद बनवताना हवेत साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड जातो. ते खर्चाच्या रकान्यात पहिल्याच दिवशी पडलेलं असतं. स्टेडियम खरोखर दुसरीकडे उभं राहिलं तरच बचत सुरू होते, आणि जहाजातून ते किती लांब न्यावं लागतं त्यावर तिचा आकडा ठरतो.

विश्वचषकातला इथला शेवटचा सामना ५ डिसेंबर २०२२ रोजी झाला. ब्राझीलने दक्षिण कोरियाला ४-१ असं हरवलं. दोन वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, बोटाफोगो आणि पाचुका हे क्लब याच मैदानावर खेळले.