डिस्टिल्ड वॉटर गळले तरी संगणक सुरक्षित राहतो का?
कमी खर्चात वॉटर कूलिंगचा (नळ्यांतून पाणी फिरवून थंड ठेवला जाणारा) संगणक बांधणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगितले जाते की, डिस्टिल्ड वॉटर वीजवाहक नसल्याने ते मदरबोर्डवर गळले तरी बिघाड होत नाही. हा समज धोकादायक आहे. अतिशुद्ध पाण्याची वाहकता २५ अंश सेल्सिअसला जेमतेम ०.०५५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते खरी. परंतु असे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते, रेडिएटरमधील (पाण्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागातील) फ्लक्सचे, म्हणजे सोल्डरिंगच्या वेळी वापरलेल्या रसायनाचे, अवशेष आणि धातूंचे आयन त्यात उतरतात, आणि बोर्डावरच्या धुळीतील क्षार तर थेंब पडताच विरघळू लागतात; त्यामुळे ते वीज वाहू लागते. म्हणून पहिल्यांदा पाणी भरल्यावर मदरबोर्ड व ग्राफिक्स कार्डाची वीज तोडून फक्त पंप काही तास चालवावा आणि प्रत्येक फिटिंगखाली ठेवलेला टिश्यू पेपर कोरडाच आहे ना, हे तपासावे. या चाचणीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.