उसाच्या मळ्यापासून माइदोपर्यंत: जपानी-पेरूवी जेवणामागचा इतिहास

जून २०२५मध्ये इटलीतल्या तुरिन शहरात जगातल्या पन्नास सर्वोत्तम रेस्टॉरंटांची यादी जाहीर झाली आणि पहिला मान लिमाच्या ‘माइदो’ला मिळाला. पेरूच्या राजधानीतल्या मिराफ्लोरेस या सुखवस्तू भागात हे रेस्टॉरंट २००९पासून आहे. मित्सुहारू त्सुमुरा हे त्याचे शेफ. जन्म लिमाचा, वंश जपानी. तिथे जेवायला बसलं की छोट्या छोट्या पदार्थांची लांबलचक मालिका समोर येते. पिवळ्या मिरचीच्या आंबट रसातले कच्च्या मासळीचे पातळ काप, भाताच्या मुटक्यावर गोमांसाची चकती आणि तिच्यावर लाव्याचं अंडं, पन्नास तास मंद आचेवर शिजवलेली बरगडी, ॲमेझॉनमधला पैचे मासा. लंडन, दुबई, न्यूयॉर्कपाठोपाठ या धाटणीचं जेवण आता मुंबईतही मिळतं. लोअर परळच्या सेंट रेजिसमध्ये सदतिसाव्या मजल्यावर ‘कोइशी’ आहे.

अशा ठिकाणच्या मेनूकार्डावर या जेवणाची ओळख बहुतेकदा एका ओळीत उरकलेली असते: जपानी नजाकत आणि पेरूवी चटकदारपणा यांचा मिलाफ. वाचताना वाटावं की कुण्या कल्पक शेफनं दोन देशांचे डबे उघडून हे जमवलं. प्रत्यक्षात या जेवणामागे शंभराहून जास्त वर्षांची वस्ती आहे, आणि तिची सुरुवात उसाच्या मळ्यात झाली. ती सुरुवात ठाऊक असेल तर समोरची ताटली वेगळी दिसते, असं मला मनापासून वाटतं.

पेरूनं १८५४मध्ये गुलामगिरी बंद केली. किनाऱ्यावरच्या ऊस-कापसाच्या जमीनदारांना आणि बेटांवर पक्ष्यांच्या विष्ठेचं खत खोदणाऱ्यांना माणसं मात्र हवीच होती. १८४९ ते १८७४ या काळात सुमारे एक लाख चिनी मजूर करारावर आणले गेले. करार नावापुरता, वागणूक गुलामाची. १८७२मध्ये मकाऊहून २३०च्या आसपास चिनी मजूर घेऊन निघालेलं ‘मारिया लूझ’ हे पेरूवी जहाज दुरुस्तीसाठी योकोहामाला थांबलं. एक मजूर पाण्यात उडी टाकून निसटला आणि जहाजावरच्या छळाला वाचा फुटली. जपानी अधिकाऱ्यांनी चौकशी करून सगळ्या मजुरांना मुक्त केलं. पेरूनं तक्रार केली, प्रकरण लवादाकडे गेलं आणि १८७५मध्ये रशियाच्या झारनं जपानच्या बाजूनं कौल दिला. हा वाद मिटवायला आलेल्या पेरूच्या शिष्टमंडळामुळेच १८७३मध्ये दोन्ही देशांत पहिला करार झाला होता. परक्या मजुरांना सोडवणाऱ्या जपाननं सत्तावीस वर्षांनी आपले मजूर त्याच मळ्यांकडे पाठवले.

मेइजी काळातल्या (१८६८ ते १९१२) नव्या जमीनकरानं जपानी शेतकरी पिचला होता. घरातल्या धाकट्या मुलांच्या वाट्याला जमीन येत नव्हती, आणि हवाईला गेलेल्यांचे पैसे गावी पोचताना सगळे पाहत होते. मोरिओका या कंपनीनं पेरूसाठी भरती सुरू केली. पेरूच्या बाजूनं पुढाकार घेणाऱ्यांत साखरधंद्यातले औगुस्तो लेगिया होते, जे पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. ३ एप्रिल १८९९ रोजी ‘साकुरा मारू’ हे जहाज ७९० पुरुषांना घेऊन लिमाजवळच्या काय्याओ बंदराला लागलं. चार वर्षांचा करार, काम ऊसतोडीचं. मलेरिया आणि विषमज्वरानं दीड वर्षाच्या आत शंभराहून अधिक माणसं गेली. मजुरीवरून भांडणं झाली, भाषा कुणाचीच कुणाला कळेना, कित्येक जण मळे सोडून पळाले. रत्नागिरीकडून मॉरिशसच्या उसात गेलेल्या मराठी माणसांच्या वंशजांना यातलं काहीच नवं वाटणार नाही. तरीही जहाजं येत राहिली. १९०३च्या दुसऱ्या जहाजात बायकाही होत्या, आणि १९०६पासून जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवरचे लोक येऊ लागले. पेरूतल्या जपानी समाजात पुढे त्यांचाच भरणा मोठा झाला.

या माणसांनी खाल्लं काय? इथे एक गोष्ट नेहमी निसटते. जपानी पोचले तेव्हा पेरूच्या किनाऱ्यावर तांदूळ होता, आलं होतं, सोया सॉस होता, आणि सोया सॉस-आल्याची ही सोय त्यांच्या आधी येऊन राबलेल्या चिन्यांनी लावून ठेवली होती. लिमाच्या चिनी खाणावळींना चिफा म्हणतात. पेरूतल्या कुणाही माणसाला चिफाचं जेवण परकं वाटत नाही. मोठ्या आचेवर परतलेलं गोमांस, कांदा, टोमॅटो आणि वर सोया सॉस असा ‘लोमो साल्तादो’ पेरूत घरोघरी होतो, तो चिनी कढईतूनच आलेला. जपानी-पेरूवी जेवणाची गोष्ट सांगताना हे चिनी पूर्वसुरी गाळले जातात, हे मला खटकतं.

जपानी घरांत जे मिळत नव्हतं त्याच्या जागी जे हाताशी होतं ते आलं. वसाबीच्या जागी पेरूची मिरची, व्हिनेगरच्या जागी लिंबू. ही मिरची म्हणजे मुख्यतः ‘आही आमारियो’, पिकल्यावर केशरी होणारी, तिखटाआधी फळासारखा गोडसर वास देणारी. पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरून आपल्या भाकरीशेजारी बसलेली मिरचीही अमेरिका खंडातलीच, पण ही जात वेगळी. शिवाय समोरचा समुद्र. हम्बोल्टचा थंड प्रवाह पेरूच्या किनाऱ्याला लागून वाहतो आणि त्यामुळे हे पाणी जगातल्या सर्वांत समृद्ध मासेमारीच्या पट्ट्यांत मोडतं. लिमाच्या श्रीमंतांच्या टेबलावर मान मांसाला होता. फडफडीत मासळी कशी निवडावी, कशी कापावी, यात मुरलेली माणसं आता त्याच किनाऱ्यावर राहू लागली.

करार संपलेले किंवा मोडलेले जपानी लिमा आणि काय्याओत आले. केशकर्तनालयं, वाणसामानाची दुकानं, छोटी कॅफे आणि खाणावळी हे त्यांचे धंदे. बँक दारात उभं करत नव्हती, म्हणून ‘तानोमोशी’वर भांडवल उभं राहिलं. ही सरळ आपली भिशी: ओळखीच्यांनी दरमहा पैसे टाकायचे आणि पाळीपाळीनं एकेकानं उचलायचे. १९२३मध्ये करारावरची मजूरभरती थांबली, पण नातेवाइकांना बोलावून घेणं चालू राहिलं. या खाणावळींत जपानी जेवण मिळत नसे, हे लक्षात घ्यायला हवं. गिऱ्हाईक लिमाचे कामगार, म्हणून जेवणही त्यांच्याच चवीचं. जपानी जेवण मागच्या खोलीत, घरच्यांसाठी.

मग वाईट वर्षं आली. धंद्यात जम बसवलेल्या परक्यांविरुद्ध वर्तमानपत्रं लिहू लागली, आणि १९३६मध्ये स्थलांतरावर कडक बंधनं आली. १३ मे १९४० रोजी लिमात जपानी दुकानं आणि घरं लुटायला जमाव उतरला. सहाशेहून अधिक कुटुंबांना झळ बसली, माणसं मेली. अकरा दिवसांनी, २४ मेला, लिमाला मोठ्या भूकंपानं हादरवलं, आणि लुटीची ही दैवी शिक्षा असं म्हणणारेही निघाले. पर्ल हार्बरनंतर पेरूनं अमेरिकेच्या सांगण्यावरून सुमारे १,८०० जपानी वंशाच्या माणसांना, त्यात पेरूतच जन्मलेली मुलंही, उचलून अमेरिकेतल्या छावण्यांत पाठवलं. बहुतेकांची रवानगी टेक्सासमधल्या क्रिस्टल सिटीला झाली. बंदरात उतरताच त्यांना ‘बेकायदा प्रवेश करणारे’ ठरवण्यात आलं. युद्ध संपल्यावर पेरूनं त्यांतल्या मोजक्यांनाच परत घेतलं. अनेकांना कधी न पाहिलेल्या, युद्धानं उद्ध्वस्त जपानला जावं लागलं. १९८८मध्ये अमेरिकेनं आपल्या जपानी वंशाच्या नागरिकांना भरपाई देणारा कायदा केला, त्यात हे लोक बसले नाहीत. पुढे कोर्टातल्या तडजोडीत माणशी पाच हजार डॉलर ठरले, म्हणजे इतरांना मिळालेल्या रकमेच्या चतुर्थांश. पेरूच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर माफी मागितली ती २०११मध्ये.

मागे राहिलेल्यांची शाळा जप्त झाली आणि एकत्र जमण्यावर बंदी आली. लोक स्पॅनिश बोलू लागले, मुलांना स्पॅनिश नावं ठेवू लागले. जपानीपण टिकलं ते घरात, आणि घरात म्हणजे प्रामुख्यानं स्वयंपाकघरात. पुढच्या पिढीनं खाणावळी काढल्या तेव्हा या दोन्ही खोल्या, पुढची लिमाची आणि मागची जपानी, एक झाल्या. माझ्या मते या पाककलेचा खरा जन्म तिथला आहे.

मिनोरू कुनिगामी यांची ‘ला बुएना मुएर्ते’ ही खाणावळ लिमाच्या जुन्या, दाट वस्तीच्या बार्रिओस आल्तोस भागातली. तिथला सेविचे मासळीप्रेमींना ओढून आणत असे. सेविचे म्हणजे लिंबाच्या रसात, मिरची-कांदा-मिठासह मुरवलेली कच्ची मासळी, सोबत उकडलेलं रताळं आणि टपोऱ्या दाण्यांचा मका. पूर्वी मासळी रसात तासन् तास ठेवत. आंबट रसानं मांस आतपर्यंत पांढरं आणि घट्ट होईपर्यंत. साशिमीवर, म्हणजे कच्च्या मासळीच्या जपानी कापांवर, वाढलेल्या हातांना हा मासळीचा नाश वाटला असणार. त्यांनी लिंबू अगदी शेवटी, ताट वाढायच्या बेतात घालायला सुरुवात केली. कडा पांढरी, गाभा कच्चा. आज जगभर जो सेविचे मिळतो तो याच पद्धतीचा. हा बदल एकट्या जपानी हातांचा नसेल, लिमाचे इतर स्वयंपाकीही त्याच दिशेनं निघाले होते, पण सुरीची शिस्त त्यांनी आणली यात वाद नाही. ‘तिरादितो’ हे त्याचंच पुढचं रूप: चौकोनी तुकड्यांऐवजी लांब पातळ काप, कांदा नाही, आणि मिरचीचा आंबट रस वरून ओतून लगेच खायचा.

काय्याओत रोसिता यिमुरा यांनी ऑक्टोपसच्या पातळ चकत्यांवर जांभळ्या ऑलिव्हची मेयोनेझसारखी चटणी घालून ‘पुल्पो आल ओलिवो’ केला. आज पेरूतल्या साध्या सेविचे-घरातही तो असतो, आणि मागवणाऱ्यांपैकी अनेकांना तो कुणा एका बाईच्या हातचा पदार्थ होता हे ठाऊक नसतं. उंबेर्तो सातो यांनी ‘कोस्तानेरा ७००’मध्ये मिठाच्या जाड कवचात भाजलेला ‘चिता’ नावाचा मासा प्रसिद्ध केला. यांतलं कुणीही आपण नवी पाककला घडवतोय असं म्हणत नव्हतं. जपानबाहेर वसलेल्या जपानी वंशाच्या लोकांना निक्केई म्हणतात. तेच नाव या जेवणाला जोडलं गेलं, तोवर पदार्थ ठरून गेले होते.

परदेशी श्रीमंती आली ती वेगळ्या वाटेनं. १९७३मध्ये नोबुयुकी मात्सुहिसा हा चोवीस वर्षांचा सुशी शेफ थेट जपानहून लिमाला आला आणि भागीदारीत ‘मात्सुएई’ चालवू लागला. तीन वर्षांनी तो तिथून बाहेर पडला. पुढे अर्जेंटिना झालं, मग अलास्कातलं स्वतःचं रेस्टॉरंट उघडून दोन महिने होण्याआधीच जळालं. १९८७मध्ये त्यानं बेव्हर्ली हिल्समध्ये ‘मात्सुहिसा’ सुरू केलं आणि लिमात शिकलेलं तिरादितो, सेविचे, आन्तिकुचो या काडीवर भाजलेल्या मांसाचा मसाला सुशीच्या शेजारी मांडलं. गिऱ्हाइकांत नट रॉबर्ट डी नीरो होते. त्यांच्या भागीदारीत १९९४मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘नोबू’ उघडलं. काही वर्षांत ते नाव जगभरच्या महागड्या हॉटेलांत दिसू लागलं. लिमाच्या खाणावळीतली चव अशा रीतीनं लिमाच्या नावाशिवायच जग फिरली.

पेरूनं ती परत आपल्या नावावर घेतली ती या शतकात. नव्वदच्या दशकात हिंसाचार आणि महागाई ओसरू लागली आणि लिमा पुन्हा बाहेर जेवायला लागलं. गास्तोन आकुरिओंसारख्या शेफांनी पेरूवी जेवणाला राष्ट्रीय अभिमानाचा विषय केलं. २००८मध्ये ‘मिस्तुरा’ हा मोठा खाद्यमेळा सुरू झाला, आणि २०२३मध्ये सेविचेची परंपरा युनेस्कोच्या यादीत गेली. त्सुमुरांचं माइदो याच लाटेतलं. अमेरिकेत शिकून, ओसाकात काम करून ते परत आले, आणि त्यांनी ॲमेझॉनच्या जंगलातल्या मासळी-गोगलगाईही या जेवणात ओढल्या. २०१७ ते २०१९ सलग तीन वर्षं आणि पुन्हा २०२३मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या सर्वोत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत माइदो पहिलं होतं. बार्सिलोनात प्रसिद्ध स्पॅनिश शेफ आद्रिया बंधूंनी २०१३मध्ये ‘पाक्ता’ उघडलं तेही निक्केईच.

उलट्या दिशेचा प्रवासही झाला, त्याचा उल्लेख मेनूकार्डांवर सापडत नाही. १९९०मध्ये जपाननं कायदा बदलून परदेशातल्या जपानी वंशजांना तिसऱ्या पिढीपर्यंत राहायला आणि काम करायला मुभा दिली. कारखान्यांना हात हवे होते. पेरूहून हजारो निक्केई गेले, आजी-आजोबांच्या देशात, जिथली भाषा त्यांना येत नव्हती. गुन्मा प्रांतातल्या इसेसाकीसारख्या कारखान्यांच्या गावांत त्यांची वस्ती झाली. तिथे पेरूवी खाणावळी निघाल्या: निखाऱ्यावर फिरवून भाजलेली कोंबडी, लोमो साल्तादो, सेविचे, आणि गिऱ्हाईक पाळी संपवून आलेले कामगार.