कॉन्फेडरेट रायफल म्हणायचं तरी कशाला?

अमेरिकेतली यादवी का झाली, कोण जिंकलं हे सगळ्यांना माहितीये, ते सोडून देतो. जुन्या बंदुका जमवणाऱ्यांचं भांडण वेगळंच आहे. दक्षिणेत बनली तीच 'कॉन्फेडरेट' (म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेची), का दक्षिणेनं बाहेरून मागवली तीसुद्धा, आणि मग उत्तरेच्या सैनिकाकडून हिसकावून वापरली तिचं काय?

पहिल्या प्रकारात फारशी कटकट नाही. एप्रिल १८६१ मधे हार्पर्स फेरीचा सरकारी कारखाना दक्षिणेच्या हाती लागला आणि तिथली बंदुका बनवायची मशिनरी दक्षिणेतल्या रिचमंड नि फेएटव्हिलला गेली. रिचमंडच्या रायफलच्या लॉकप्लेटला (घोडा बसवलेल्या बाजूच्या लोखंडी पट्टीला) वर जो कुबडासारखा फुगवटा दिसतो तो त्या मशिनरीचाच वारसा. डाय (साचे) १८५५ च्या मॉडेलचे, त्यात बार पेटवणाऱ्या टिकल्यांच्या पट्टीसाठी जागा असायची, पट्टी गेली पण कुबड राहिलं (पुढे तेही बरंच कमी केलं).

खरा गोंधळ इंग्लंडच्या एनफिल्ड रायफलचा. आपल्याकडे १८५७ च्या काडतुसांमुळे नाव माहीत असलेली तीच १८५३ च्या पॅटर्नची, .५७७ ची. दक्षिणेनं ती नाकेबंदी चुकवून जहाजांतून आणली, आणि उत्तरेनंही बर्मिंगहॅमच्या त्याच कारागिरांकडून ढिगानं घेतली. लॉकवर 'टॉवर', साल आणि मुकुट बघून लोक ती इंग्रज सरकारची समजतात, पण बऱ्याचदा तो खाजगी माल, मुकुटाखाली राणीची अक्षरं नसतात. म्हणजे बंदूक एकच, गिऱ्हाईकं दोन. मग फरक करायचा कशावरून, तर ट्रिगर गार्डच्या मागे लाकडात दाबलेला 'जेएस' आणि नांगराचा शिक्का, किंवा दस्त्याच्या पितळी पट्टीवर कोरलेला नंबर. जेएस म्हणजे कोण यावरच जमवणाऱ्यांनी किती वर्षं वाद घातला! माझ्या मते शिक्का असलेली एनफिल्ड कॉन्फेडरेटच धरावी, नसलेलीला मात्र नुसत्या 'घरातल्या आजोबांची' या गोष्टीवर जास्त पैसे देऊ नयेत. तिसऱ्या प्रकाराचंही तेच, हिसकावलेल्या स्प्रिंगफील्डवर (उत्तरेच्या सरकारी रायफलवर) बहुतेक वेळा पुरावा काहीच नसतो.

युद्ध संपल्यावर या बंदुकांना किंमत नव्हती, कितीतरी नळ्या कापून शेतकऱ्यांनी छऱ्याच्या करून टाकल्या. १९६१ ते ६५ मधे शताब्दी आली, मागणी वाढली, इटलीहून नवीन प्रतिकृती यायला लागल्या आणि नकली शिक्क्यांचाही सुळसुळाट झाला, कारण साध्या बर्मिंगहॅमी एनफिल्डवर एवढासा नांगर ठोकला की भाव कुठच्या कुठे जातो.

म्हणून मी आधी भिंग घेऊन शिक्क्याचा खड्डाच बघतो. जुन्या दस्त्याच्या लाकडावर हाताचं तेल नि धूळ बसून काळपट थर आलेला असतो, शिक्का जुना असेल तर तो खड्ड्यातही मुरलेला हवा आणि कडा वापरून बोथट झालेल्या हव्यात. आत ताजं, पिवळट लाकूड दिसलं तर रायफल मुकाट्यानं टेबलावर परत.