बोअर इथे, फटका तिथे: कातळातल्या भेगा आणि ओढ्याचं पाणी

पाऊस थांबून कित्येक आठवडे उलटले तरी एखादा ओढा वाहत राहतो, तो जमिनीतून पाझरणाऱ्या भूजलाच्या जोरावर. जवळपास बोअर मारून उपसा सुरू झाला की ओढ्याकडे निघालेलं हे पाणी वाटेतच खेचलं जातं. उपसा वाढला तर ओढ्याचंच पाणी उलट जमिनीत मुरू लागतं. विहिरीतून काढलेलं पाणी आधी भूगर्भातल्या साठ्यातून येतं आणि पुढे हळूहळू नद्या-ओढ्यांच्या वाट्यातून, हे अमेरिकी भूजलशास्त्रज्ञ सी. व्ही. थाइस यांनी 1940 मध्ये स्पष्टपणे मांडलं. ओढा किती घटेल याचं सूत्रही त्यांनी पुढच्याच वर्षी दिलं.

पण त्या सूत्रात जमीन सगळीकडे सारखी धरली आहे. वाळूच्या थरात ते बऱ्यापैकी चालतं, कातळात मात्र फसतं. कातळात पाणी वाहतं ते भेगांमधून, आणि भेगेची रुंदी दुप्पट झाली की तिच्यातून आठपट पाणी जातं. दाब सारखाच असेल, तर 0.1 मिलिमीटरच्या 125 भेगा मिळून जेवढं पाणी नेतील तेवढं अर्ध्या मिलिमीटरची एकटी भेग नेते! त्यामुळे ओढ्याच्या काठावरच्या बोअरचा ओढ्याला धक्काही लागत नाही आणि लांबची, पण त्याच भेगेवर बसलेली बोअर त्याचं पाणी ओढून घेते, असं होऊ शकतं. बोअर ओढ्यापासून अमुक मीटर दूर हवी, एवढाच नियम म्हणूनच मला अपुरा वाटतो.

मग तपासायचं कसं? पंप चालू असताना ओढ्याचा प्रवाह मोजणं, हा सरळ उपाय झाला. पण ओढा सेकंदाला 100 लिटर वाहत असेल, उपसा 3 लिटरचा असेल आणि मोजणीतच 5 लिटरची चूक होत असेल, तर घट दिसणारच नाही. म्हणून अभ्यासक ओढ्याच्या तळात बारीक नळ्या ठोकून आतली पाणीपातळी पाहतात. ती ओढ्याच्या पातळीखाली गेली, तर पाणी खाली मुरतंय. तापमानही बोलकं असतं. ओढ्याचं पाणी दिवसा तापतं, रात्री निवतं; भूजलाचं तापमान जवळपास स्थिर असतं. पाणी खाली मुरू लागलं की ही दैनंदिन चढउतार तळात अधिक खोलवर जाणवते. खडकातून भूजलात मिसळणारा रेडॉन वायू आणखी एक खूण देतो. उघड्या प्रवाहातून तो लवकर उडून जातो आणि त्याचं अर्धायुष्यही, म्हणजे तो आपोआप निम्मा व्हायला लागणारा काळ, जेमतेम 3.8 दिवसांचं. म्हणून ओढ्याच्या ज्या टप्प्यात रेडॉन जास्त, तिथे ताजं भूजल येतंय असं समजतं.

पंप बंद केला म्हणजे परिणाम लगेच थांबत नाही. भेगांमधला दाब झटकन पसरतो, पण वरच्या झिजलेल्या खडकातला रिता झालेला साठा सावकाश भरतो आणि तोवर ओढ्याचा वाटा कमीच राहतो. दोन-तीन दिवसांच्या चाचणीत हे हाती लागत नाही. मोजणी पंप थांबल्यावरही चालू ठेवावी लागते, आणि सुरू करावी लागते उपशाच्या निदान एक कोरडा हंगाम आधी. त्या आधीच्या नोंदी नसतील, तर ओढा पाऊस कमी झाल्यामुळे आटला की बोअरमुळे, हे नंतर सांगणं फार अवघड होतं.